हिंगाच्या कुपीचं बूच

एकदा काय झालं, एक होती राणी. वय वर्षं आठ. सायकलवरून पडलेली, गुडघ्याला पट्टी, अंगात ताप. हसू नकोस गं रेणू, मी कुणाचं नाव घेतलंय का? आधी पांघरूण घे.

तर या राणीच्या कातडीच्या आत एक राज्य होतं, बरं का. आत मिट्ट काळोख. तिथल्या लोकांना डोळे नाहीत, कान नाहीत, खायला तोंड आहे पण बोलता येत नाही. नाकं मात्र अशी तिखट! मग ते काय करायचे? प्रत्येकाच्या कमरेला तीन कुप्या. मोहरीच्या वासाची उघडली म्हणजे ‘धावा!’ हिंगाची उघडली म्हणजे ‘संकट खरं आहे, लढा!’ आणि वाळ्याची उघडली म्हणजे ‘झालं, थांबा.’ सगळा कारभार वासावर.

राणी पडली, गुडघ्याची भिंत फुटली आणि मातीतले चोर आत शिरले. पहाऱ्यावर होता गब्दुलमामा. त्यानं एक चोर गिळला. मग दुसरा गिळला. तिसऱ्याला पोट तट्ट फुगलं. आणि चोर कसले बेरकी! एकाचे दोन, दोनाचे चार. मामानं मोहरीची कुपी उघडली. शेजारपाजारचे धावले. एवढी गर्दी झाली की गुडघा टम्म सुजला. तरी चोर आवरेनात. ते असेच वाढले असते तर राणीचं काही खरं नव्हतं. मला सांगतानासुद्धा धस्स होतं बाई.

मग निघाली झोळीबाई. तिनं एका चोराच्या अंगरख्याची चिंधी फाडली, झोळीत टाकली आणि थेट जांघेतली चावडी गाठली. तिथे हजारो लढवय्ये बसलेले. पण प्रत्येकाला एकाच चिंधीची ओळख, दुसरी म्हणून कळायची नाही. झोळीबाईनं पहिल्याला चिंधी दिली. त्यानं चाचपून परत दिली. दुसऱ्याला दिली. त्यानंही परत दिली. तिसरी होती पारू. तिनं चिंधी चाचपली आणि ती थरारली. ओळखलं होतं तिनं!

पण उठली नाही.

का, तर चावडीचा दंडक. चिंधी आणि हिंगाचा वास, दोन्ही हवं. मागे एका राज्यात नुसत्या चिंधीवर उठले होते आणि घरच्याच माणसांना बडवून आले होते! झोळीबाईला वाटत होतं, आपलं काम चोख झालं. तिकडे चोर वाढतायत, इकडे पारू ढिम्म. झोळीबाई अगदी रडकुंडीला आली. कमरेशी हात गेला, तर काय? हिंगाच्या कुपीचं बूच तसंच! घाईघाईत ती कुपी उघडायलाच विसरली होती. अगं, तू डबा नेतेस आणि चमचा विसरतेस ना, तशातली गत.

तिनं बूच काढलं. हिंगाचा भपकारा सुटला आणि पारू ताडकन उठली! मग एका पारूच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, चाराच्या हजार. चावडीत पाय ठेवायला जागा उरली नाही. म्हणून तर राणीच्या जांघेत गाठ आली. आम्ही तिला अवधाण म्हणतो. मग हिंगाचा तोच वास पार डोक्यापर्यंत गेला, तिथे त्याचा अर्थ ‘राज्य तापवा!’ कारण चोरांना धग सोसत नाही. आली की फौज गुडघ्यात! पारूनं मामाच्या नाकाशी हिंगाची कुपी धरली. आणि हिंगानं काय होतं? पोट मोकळं होतं! मामाची भूक अशी खवळली म्हणतेस! दहा चोर गिळले, शंभर गिळले, हजार गिळले. शेवटचा पळत होता, त्याचा पाय धरला आणि गट्ट! मग असा ढेकर दिला की गुडघा हलला. जिंकले गं, माझे सगळे वाघ जिंकले!

मग पारूनं वाळ्याची कुपी उघडली. गार वास पसरला. सगळे थांबले, भिंत लिंपायला लागले. राणीला घाम फुटला. बघू तुझं कपाळ? बघ, ओलं झालंय. उतरला ताप.

काय म्हणालीस? पारू कुठे गेली?

कुठेच नाही. बाकीचे घरोघरी गेले, पण पारू ती चिंधी मांडीवर घेऊन चावडीत बसलीय. हेच चोर परत येऊ देत, चार वर्षांनी येऊ देत, पहिल्या हिंगाला उठेल. ती जागी आहे, राणीसाहेब. तुम्ही झोपा.