हद्दीखालचा कोळसा

मोजणीदार तात्या गुरवांनी सत्तरी गाठली, तरी हाताखाली तरणं कुणी येईना. देसाईंची जमीन खरी मोजली की हात मोडतात, हे गावाला माहीत होतं. अखेर गवंड्याची रखमा आली, आणि पहिलीच मोजणी देसाईंची निघाली.

जुन्या हद्दीच्या दहा हात पुढे रोवलेल्या दगडावर पाय ठेवून देसाई म्हणाले, "हद्द इथे. लिही."

रखमाने मोजणीच्या साखळीने जुनी जागा काढून खणलं. हद्दीच्या दगडाखाली मोजणीदार कोळसा पुरतात, तो निघाला.

"मला घाबरत नाहीस?" देसाई गुरगुरले.

"घाबरते, सरकार. तुम्हाला घाबरून दगडसुद्धा दहा हात सरकला. कोळसा तेवढा जागचा हलला नाही."

त्या दिवशी साखळी उचलायला तात्यांना वाकावं लागलं नाही. गर्दीतली तीन तरणी पोरं पुढे झाली.