घोट्यावरचा वळ

“म्हणजे हा वळ असाच राहणार?”

“राहनार.”

“सगळ्यांना दिसणार?”

“डोळे असले तर दिसंल.”

शिल्पकार अभिराम देवस्थळी यांनी त्या दिवसात हा प्रश्न सहाव्यांदा विचारला होता आणि गजरामावशीनं सहाव्यांदा तेच उत्तर दिलं होतं. शिकलेल्या माणसाची ही खोड मी फार पाहिली. त्याला ‘नाही’ ऐकूच येत नाही. त्याला वाटतं, समोरच्या अडाण्याला प्रश्न कळला नसेल.

गजरामावशीची वेल्डिंगची शेड कोल्हापूरच्या बाहेर, हायवेला लागून. बाई घिसाड्याची. सत्तरी उलटलेली. रस्त्याकडेला भट्टी पेटवून नवरा तापलं लोखंड चिमट्यात धरायचा आणि ही घण मारायची. घिसाड्यात घण बाईच्याच हातात असतो. नवरा गेल्यावर वेल्डिंगकडे वळली. कुणी शिकवलं नाही. रॉड जाळून जाळून शिकली.

तिच्यापुढे उभी होती ती लोखंडी पत्र्याची मुलगी. साडेनऊ फूट उंच, उडी घेतलेली. दोन्ही हात आभाळात, एक पाय मागे हवेत, दुसऱ्या पायाचा नुसता चवडा खालच्या जाड प्लेटला टेकलेला. चित्र देवस्थळींचं, लोखंड मावशीचं. काम चालू असेपर्यंत शेडच्या तुळईला टांगलेली चेनपुली तिला पाठीमागून साखळीनं पेलून होती.

सगळा भार त्या एका घोट्यावर. तिथं मावशीनं वेल्डिंगचे तीन थर चढवले होते. वितळलेलं लोखंड गार झालं की जोडावर जाड उंच पट्टा राहतो, त्याला ती वळ म्हणायची.

मूर्ती मुलींच्या शाळेच्या फाटकात बसायची होती. सोमवारी उद्घाटन.

“बाई, जरा समजून घ्या. ही मुलगी जमीन सोडतेय. त्या क्षणी तिला वजनच नाही. आणि तुम्ही तिच्या पायात हे… हे टायर घातलंय.”

“वजन न्हाई?”

“कलेच्या अर्थानं म्हणतोय मी.”

“पत्रा मी तोलून आनलाय. तीनशे ऐंशी किलो.”

“तुम्हाला कला कळत नाही!”

“न्हाई कळत.” मावशीनं रॉडचं थोटूक झटकून टाकलं. “तुमास्नी घोटा कळतो का?”

देवस्थळी दोन पावलं गेले, परत आले. मग जरा खालच्या आवाजात बोलले.

“तीन वर्षांपूर्वी मुंबईत माझं प्रदर्शन होतं. एक मोठे गृहस्थ आले. माझ्या कामापुढे थांबले, जोडावर बोट फिरवलं आणि मला विचारलं, ‘कुठल्या फॅब्रिकेटरकडून आणलंत?’ मला! लोक हसले. तुम्हाला नाही कळायचं ते.”

“मंग? खोटं काय इचारलं त्यानं?”

“बाई!”

“ओरडू नका. रॉड हातात असला की मला दचकाय होतं.”

दोघंही वैतागलेली. शेडमध्ये उकाडा. वरच्या पत्र्यावर कावळा टकटक करत होता, त्यालाही मावशीनं एक शिवी हासडली.

“ह्या हातानं चाळीस वर्सं घण मारला,” ती म्हणाली. “घण पडायचा तिथनं चार बोटांवर माझ्या नवऱ्याचा हात. रोज. गेला तवा धाच्या धा बोटं घिऊन गेला. आता मला सांगा, मला काय कळत न्हाई?”

देवस्थळी घड्याळाकडे बघत होते. त्यांनी हे ऐकलं की नाही, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मावशीला भाचीच्या लग्नाला गडहिंग्लजला जायचं होतं. रंग देवस्थळी स्वतःच देणार होते. तिनं शेडची किल्ली त्यांच्यापुढे धरली, पण सोडली नाही.

“रंग द्या. काय ते चमकवायचं ते चमकवा. घोट्याला हात लावायचा न्हाई.”

“नाही लावत.”

“न्हाई न्हवं?”

“अहो, नाही म्हटलं ना! किती वेळा विचारता?”

“तुमच्याकडनंच शिकले.”

तिनं किल्ली सोडली.

शनिवारी दुपारी देवस्थळींनी ग्राइंडर लावला. वळ घासला. तीनही थर गेले, खालची सांध पुन्हा दिसायला लागली. तेव्हा त्यांनी तिच्यात लांबी भरली, गाडीला पोचा आला की गॅरेजवाले भरतात तीच. वरून बारीक पॉलिशपेपर मारला, मग राखाडी रंगाचे दोन हात. संध्याकाळी ते लांब जाऊन बघत राहिले. घोटा असा दिसत होता की जणू मुलगी एकाच पत्र्यातून उमललीय.

ते खूश होते. इतके खूश, की मूर्तीच्या पाठीला अडकवलेला चेनपुलीचा आकडा काढायचं त्यांना सुचलंच नाही. किंवा सुचलं असेल. ते त्यांचं त्यांना माहीत.

रविवारी बाराला मावशी परतली. काखेत लग्नातलं गाठोडं.

“ट्रक चारला सांगितलाय,” देवस्थळी म्हणाले. चेहऱ्यावरचं हसू आवरत नव्हतं. “आता बघा आणि सांगा, जोड कुठं होता?”

मावशीनं बघितलं नाही.

तिनं गाठोडं ठेवलं, भिंतीवरची छोटी हातोडी घेतली, स्टुलावर चढली आणि मुलीच्या कपाळावर टिचकी मारल्यासारखी एक मारली.

ठण.

खांद्यावर. ठण. कमरेवर. ठण. स्टुलावरून उतरली. मांडीवर, गुडघ्यावर. ठण. ठण.

घोट्यावर.

थप्प.

तिनं हातोडी परत खिळ्याला अडकवली. पिंपातल्या पाण्यानं हात धुतले. देवस्थळी वाट बघत होते, आता ही बोंब मारणार. उत्तरं तयार होती त्यांच्याकडे, अगदी पाठ केलेली.

“जेवलासा?” तिनं विचारलं.

“नाही… पण ते राहू दे. ट्रक—”

“चारला हाय. बसा, जेवू.”

तिनं एक पोतं घेतलं आणि मुलीच्या हवेतल्या पायाखाली, बरोब्बर खाली, अंथरलं. गाठोडं सोडलं. भाकरी, ठेचा, लग्नातली बुंदी.

“इथं?”

“मंग कुठं?”

“इथं कशाला? बाहेर झाडाखाली बसू की.”

“फाटकात लागनार न्हवं ही? मधल्या सुट्टीला पोरी डबं घिऊन हिच्याच सावलीला बसनार. बगू तरी कसं वाटतंय.”

देवस्थळी बसले. पोत्याच्या अगदी कडेला, एक पाय बाहेर ठेवून.

मावशीनं भाकरी मोडली, ठेचा घातला, त्यांच्या हातात दिली. मग काही आठवल्यासारखं वर बघितलं.

“व्हय की. साखळी ऱ्हायली. उठा, सोडा ती.”

“कशाला?”

“हिला उभी ऱ्हाऊ द्या की तिच्या पायावर.”

“जेवण होईपर्यंत राहू दे ना!”

“शाळंत साखळी देनार हाय काय संगं?”

“तुम्ही ना, बाई…” देवस्थळी उठले. भाकरी पोत्यावर ठेवली. चेनपुलीपाशी गेले. साखळी दोन हात ओढली की भार सुटणार, मूर्ती आपल्या पायावर येणार. एवढंच काम होतं.

त्यांनी साखळी धरली.

मावशी जेवत होती. मुलीच्या खाली मांडी घालून, पदर खोचून, शांतपणे.

“सोडा की.”

“सोडतो…”

साखळी वाजली. हलली नाही.

“काय झालं? अडाकली?”

“नाही.”

“मंग?”

“मावशी…” इतके दिवस बाई म्हणत होते ते. “मावशी, तुम्ही जरा बाजूला बसा.”

“का?”

“बसा ना जरा.”

“माझं जेवान मांडलंय हितं. का उठू?”

“अहो, उठा म्हणतो ना! तिकडं बसा!”

“वजन न्हाई न्हवं तिला?”

देवस्थळींचे हात घामानं निसटायला लागले. त्यांनी साखळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. ती सुटली तरी आपोआप काही होणार नव्हतं, पुली आपला भार आपण धरते. पण ते त्या वेळी त्यांच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. तीनशे ऐंशी किलो आपल्याच दोन हातांत आहेत, असं धरून उभे होते.

“मी घासलाय,” ते म्हणाले.

मावशीनं ठेच्याला बोट लावलं.

“घोटा. सगळा घासला. आत लांबी भरलीय. तिथं काही नाही आता… वेल्डिंग नाहीच.”

“ठावं हाय.”

“ठाऊक आहे? कधीपासून?”

“हातोडी मारली तवापासनं.”

“आणि तरी खाली बसलात?”

मावशीनं बुंदीचा घास घेतला. लग्नातली बुंदी जरा कडक झाली होती, चावायला वेळ लागला.

“तुम्ही वेड्या आहात का?” देवस्थळी जवळजवळ रडकुंडीला आले होते. “मी सोडली असती म्हणजे?”

“…”

“बोला की!”

“तोंडात घास हाय.”

त्यांनी साखळी सोडली नाही. एका हातानं धरूनच दुसऱ्या हातानं खिशातला फोन काढला आणि ट्रकवाल्याला सांगितलं, आज नको, उद्या पहाटे. पलीकडून तो काहीतरी बडबडला. “नको म्हणतो ना! किती वेळा सांगायचं?” असं ओरडून त्यांनी फोन ठेवला.

मावशी पहिल्यांदा हसली.

ती उठून बाजूला झाली तेव्हा कुठं त्यांनी साखळी सोडली. मग छिन्नी घेऊन देवस्थळी गुडघ्यांवर बसले आणि लांबी खरवडायला लागले. सुकलेली लांबी चिवट असते. नखाएवढी निघायची, पुन्हा अडायची. रंग निघाला, दोन बोटं सोलली. मावशीनं हात लावला नाही. स्टुलावर बसून सांगत राहिली.

“त्या कोपऱ्यात ऱ्हायलीय.”

“दिसतंय मला.”

“दिसतंय तर काडा की.”

“काढतोय ना!”

“पॉलिशपेपर झ्याक मारलासा पन. हात चांगला हाय तुमचा.”

देवस्थळींनी एकदाच मान वर करून तिच्याकडे बघितलं. चेष्टा करतेय की खरं बोलतेय, कळेना. मलाही नक्की सांगता येणार नाही.

सांध उघडी पडली तेव्हा मावशी उठली. काच तोंडापुढे धरली, होल्डरमध्ये रॉड लावला. निळा उजेड भडकला. पहिला थर. हातोडीनं वरची खपली उडवली, ब्रश मारला. दुसरा थर. खपली, ब्रश. तिसरा.

“आणखी एक चढवा,” देवस्थळी म्हणाले.

“तीन बास.”

“एक जास्त झाला तर काय बिघडतं? सेफ राहील.”

“तीनात तिचं भागतं. तुमच्या भ्यासाठी म्या रॉड जाळत न्हाई.”

लोखंड लाल होतं ते काळं झालं, काळं होतं ते हात लावण्याइतकं निवलं. पाणी मारून घाई करू दिली नाही तिनं, देवस्थळींनी दोनदा विचारलं तरी. मग हातोडी घेऊन तिनं घोट्यावर मारली.

ठण.

देवस्थळी स्वतःच उठले, पुलीपाशी गेले, साखळी ओढली. एक हात. दुसरा हात. आकडा सैल होऊन मुलीच्या पाठीवर किणकिणला.

मुलगी उभी राहिली.

देवस्थळी बराच वेळ तिच्याभोवती फिरले. एकदा समोरून, एकदा मागून. घोट्यापाशी आले की थांबायचे. जाड, खडबडीत, काळा वळ. गुळगुळीत राखाडी पायावर तो नजरेआड होणं शक्यच नव्हतं.

“मावशी.”

“आता काय?”

“उद्या पाहुणे येणार. पेपरवाले येणार. कुणीतरी बोट दाखवून विचारणारच, हे एवढं जाड काय आहे इथं? मी काय सांगू त्यांना?”

मावशी पोत्याकडे गेली. दुपारची देवस्थळींची भाकरी तिथंच होती, एका घासानंही कमी न झालेली. मुलीच्या हवेतल्या पायाखाली ती पुन्हा मांडी घालून बसली, भाकरीचे दोन तुकडे केले आणि एक समोरच्या जागेवर ठेवला.

“कायबी सांगू नका,” ती म्हणाली. “त्यास्नी हितं जेवाय बसवा.”