गाडी बंद करण्याआधी

“पण चुकलं कुठं, चाचा? ते तरी सांगा!”

खर्डेकर सरांनी स्टिअरिंगवर हात आपटला. सलग चौथ्या दिवशी दस्तगीर मिस्त्रींनी त्यांच्याकडून गाडीची किल्ली काढून घेतली होती.

गाडी सरांच्या वडिलांची, सत्तावन्न सालची. आबा डॉक्टर होते. चाळीस वर्षं ते हिच्यातूनच पन्हाळ्याच्या आसपासची खेडी फिरले. ते गेल्यावर सरांनी ती अशी काही हाकली, की वर्षभरात इंजिन जाम झालं. मिस्त्रींनी सात महिने खपून ते पुन्हा उभं केलं आणि बजावलं, “नीट चालू अन् नीट बंद करता आली, की घिऊन जावा.”

उद्या माईंचा, सरांच्या आईचा, ऐंशीवा वाढदिवस. त्यांचं एकच मागणं होतं... याच गाडीतून जोतिबाला जायचं.

सर कॉलेजात वीस वर्षं इंजिनच शिकवत होते. त्यामुळे स्वतः शिकायला बसणं त्यांना अंमळ जड जात होतं.

“चालू करताना चुकलो?”

“न्हाई. चोक वढला, ऑइलचा काटा चढू दिला, उगं रेस केली न्हाई. ब्येस.”

“मग घाटात?”

“घाट बी झ्याक चढला.”

“मग राहिलं काय? परत आलो, शेवटची एक रेस दिली आणि बंद केली. सगळे असंच करतात.”

“सगळ्यांची इंजिनं मीच खोलतो, सर.”

सर वरमले.

“बरं, रेस नको. पण बंद करणं म्हणजे शेवटी किल्ली फिरवणंच ना?”

मिस्त्री शेजारच्या सीटवर येऊन बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली, हात लांबवून किल्ली लावली, इंजिन चालू केलं आणि सरांचा तळवा उचलून डॅशबोर्डवर टेकवला.

इंजिन संथ चालत होतं. घाटात चढलेली धग हळूहळू उतरत होती...

“डाक्टर घरी आल्यावर काय करायचे?”

“काही नाही. बसून राहायचे. इंजिन असंच मंद ठेवून, इथंच हात ठेवून. माई बरोबर असली तर तीही बसायची. आम्ही पोरं दारात भुकेनं ओरडायचो... मला तर रागच यायचा.”

“मग?”

“दोनेक मिनिटांनी बंद करायचे. म्हणायचे, ‘आणलंस बाई घरी.’”

भर पावसात, ओढ्यांना पूर आलेला असताना, या गाडीनं आबांना दर वेळी घरी आणलं होतं. एवढी मोठी गोष्ट, आणि आपण एकदाही तिची जाण ठेवली नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. गाडीबद्दल आणि शेजारच्या त्या तेलकट, काळ्या हातांबद्दल त्यांचं मन भरून आलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन जराही हिसका न देता थांबलं.

“चाचा... तुमचे उपकार...”

मिस्त्री खाली उतरले. या वेळी त्यांनी किल्लीसाठी हात पुढं केला नाही. टोपी झटकून डोक्यावर घातली.

“उद्या गाडी परत अंगणात आली,” ते म्हणाले, “की माईस्नी उतरवायची घाई करू नगा.”