देव्हाऱ्यातलं कार्ड

माळावरच्या एका गावात अकरा बायकांनी मिळून अंडी उबवण्याचं केंद्र काढलं होतं. केंद्र म्हणजे काय, तर जुन्या गोदामातली एक खोली आणि तिच्यात कपाटाएवढं एक यंत्र. ऊब किती द्यायची, अंडी कधी फिरवायची, हे सगळं त्यातला एक छोटा संगणक ठरवायचा. त्या संगणकात नखाएवढं एक मेमरी कार्ड होतं. वीज आली की तो कार्डावरचं वाचून जागा व्हायचा आणि कामाला लागायचा. कार्ड गेलं की यंत्र म्हणजे नुसतं कपाट.

केंद्राची प्रमुख हौसाबाई. कामाला वाघीण, पण मिरवायची हौस दांडगी. यंत्र बसवायला आलेल्या माणसाला तिने पहिल्याच दिवशी बजावलं, "ऊब किती हाय त्याची नोंद दर सेकंदाला झाली पायजे." तो म्हणाला, "मावशी, तासाला एकदा पुरे." हौसाबाई कसली ऐकते? गावात पाहुणे आले, अधिकारी आले की ती त्यांना खुर्च्या टाकून बसवायची आणि पडद्यावर आकड्यांच्या रांगा सोडायची. रांगा संपता संपत नसत. पाहुणे माना डोलवत चहा प्यायचे. ते आकडे कधी कुणी वाचले नाहीत. खुद्द हौसाबाईनेही नाही.

जाताना त्या माणसाने एक जादा कार्ड तयार करून दिलं होतं. "अडीनडीला असू द्या. मधूनमधून घालून बघत जा," असं तो म्हणाला होता. हौसाबाईने ते कुंकवाच्या करंड्यात घातलं आणि करंडा देव्हाऱ्यात समईशेजारी ठेवला. रोज पूजा झाली की करंड्यालाही हळदकुंकू लागायचं. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

चार वर्षांत यंत्रातली पाच कार्डं गेली. दर वेळी तो माणूस एसटीने नवं कार्ड पाठवायचा आणि आठ दिवसांनी काम सुरू व्हायचं. यंत्र तेव्हा रिकामं असायचं, म्हणून निभावलं. पहिल्या दोन वेळा हौसाबाईने कार्डाच्या कंपनीला शिव्या मोजल्या. पुढे बकुळा नावाची नुकतंच लग्न झालेली पोर केंद्रावर झाडलोटीला आली आणि हौसाबाईला आयतं कारण सापडलं. "हिनंच झाडताना वायर वढली आसंल." बकुळा एकदाच म्हणाली, "काकी, म्या हात लावला न्हाय." हौसाबाईने तिला खोलीत यायला बंदी केली. ती बिचारी अंगण झाडू लागली. बंदीनंतरही एक कार्ड गेलंच. तेव्हा कुणीतरी विचार करायला हवा होता, पण हौसाबाईपुढे विचार करण्याची गावाला सवय नव्हती.

त्या वर्षी मानमोडीची साथ आली. गावच्या काळ्या कोंबड्या पटापट माना टाकू लागल्या. पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात वाढलेली ती जात, उन्हाला आणि घारीला न भिणारी. साथ सरली तेव्हा अकरा घरांत मिळून एकोणीस कोंबड्या उरल्या. त्याही म्हाताऱ्या. बायकांनी दहा दिवसांत त्यांची एकशे बारा अंडी जमवली. प्रत्येकीने आपल्या अंड्यांवर पेन्सिलीने आपली खूण काढली. कुणी फुली, कुणी चंद्र, कुणी नुसता ठिपका. अंडी यंत्रात गेली. पिल्लं निघाली तर गावची कोंबडी राहणार होती. नाही निघाली तर ती जात गावातून कायमची जाणार होती.

सतराव्या दिवशी सकाळी आठ वाजता यंत्र बंद पडलं.

हौसाबाईने वीज पाहिली, वायरी पाहिल्या, बटण दहा वेळा दाबलं. संगणक जागा होईना. कार्ड पाठवणारा माणूस तर नोकरीसाठी दूर निघून गेला होता. वीज थेट जोडावी, तर अंडी उकडून निघाली असती. मग ती धावत घरी गेली, देवाला हात जोडले आणि करंडा उघडला. तशीच धावत ती केंद्रावर परतली. तिने देव्हाऱ्यातलं कार्ड यंत्रात घातलं. पडदा काळाच राहिला. तिने काढून पुन्हा घातलं. तरी काळाच. हौसाबाई ते पदराला पुसून पुन्हा पुन्हा घालत राहिली. तिला असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

अंगणातून बकुळा पुढे आली, पण उंबऱ्यापाशी थांबली. "काकी, माज्या माहेरी वीज न्हवती तवा आई गरम कोंड्यात अंडी उबवायची. कढईत कोंडा तापवायचा, टोपलीत थर द्यायचा. म्या ऱ्हाते इथं. तुमी तालुक्याला जावा."

हौसाबाईने तिच्याकडे पाहिलं. जिला दाराबाहेर काढलं, तिच्याच हाती सगळं सोपवून जायचं. दुसरा मार्ग नव्हता आणि वेळही नव्हता. "ये आत," ती म्हणाली. दोन्ही कार्डं रुमालात बांधून तिने एसटी गाठली.

तालुक्याला इलाही मुजावर यांचं रेडिओ-संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी बंद पडलेलं कार्ड आपल्या संगणकाला लावून पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मावशी, ह्यावर दर सेकंदाला लिहायला कुणी सांगितलं?"

हौसाबाईच्या जिभेवर बकुळाचं नाव आलं होतं. सवयच तशी होती. दुकानात तिला ओळखणारं कुणी नव्हतं. एक खोटं बोलली असती तर कोणाला कळणार होतं? पण डोळ्यांपुढे ती पोर उभी राहिली, कढईत कोंडा परतणारी.

"म्या सांगितलं. लोकांना दावायला."

मुजावर हसले नाहीत. "वाचल्यानं कार्डाला काही होत नाही. लिहिल्यानं ते झिजतं. पाटी लिहून पुसून, लिहून पुसून शेवटी अक्षर उमटत नाही, तसं. वर्षानुवर्षं टिकणारं कार्ड तुम्ही महिन्यांत संपवलंत."

"आणि हे दुसरं? ह्याला तर आमी हातबी लावला न्हाय."

"कुठं ठेवलं होतं?"

"देव्हाऱ्यात. समईजवळ."

"चार वर्षं ऊब लागली त्याला. कार्डातली अक्षरं म्हणजे कोंडून ठेवलेली वीज. नुसती पडून राहिली की हळूहळू ओसरते, उष्णतेत आणखी लवकर. एकदा जरी घालून बघितलं असतं तरी कळलं असतं."

हौसाबाईला ते फार लागलं. पण ती रडत बसणाऱ्यांतली नव्हती. तिने पदर खोचला. "मुजावरभाऊ, नवं कार्ड करा. पण मला शिकवून करा. पुन्हा कुणाच्या दारात यायला नको." झिजलेल्या कार्डावरचं अजून वाचता येत होतं, त्यावरून मुजावरांनी यंत्राचं काम नव्या कार्डावर उतरवलं आणि नोंद तासाला एकदाच होईल असं केलं. दुसरं कार्ड हौसाबाईने केलं. ते चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. तिसऱ्या खेपेला जमलं. "दर महिन्याला आलटून पालटून घाला," मुजावर म्हणाले, "म्हणजे दोन्ही ठीक आहेत की नाही ते कळत राहील."

चारच्या सुमारास ती परतली. गोदामात चुलीचा धूर भरला होता. टोपल्यांत कोंडा, कोंड्यात अंडी, वर गोधड्या. बायका आळीपाळीने कढई परतत होत्या आणि मधोमध बकुळा एकेक अंडं पापणीला लावून ऊब जोखत होती. सकाळपासून ती घोटभर पाणीही प्यायली नव्हती. हात भाजून लाल झाले होते.

हौसाबाई दारातच म्हणाली, "बकुळा, माजं चुकलं. ती कार्डं..."

"काकी, कोंडा गार व्हाय लागलाय," बकुळा म्हणाली. "आदी यंत्र चालू करा."

यंत्र चालू झालं. अंडी आत गेली. एकविसाव्या दिवशी पहिली टोच दिसली आणि बाविसाव्याच्या दुपारपर्यंत अडुसष्ट काळी पिल्लं बाहेर आली. बाकीची नाही वाचली. त्यांत हौसाबाईच्या खुणेची सगळीच्या सगळी होती. तिने ती न फुटलेली अंडी स्वतःच उचलून बाजूला केली.

पिल्लं वाटून घ्यायला अकराही बायका जमल्या. घरची माणसंही आली. हौसाबाई उभी राहिली.

"बकुळा, त्या दिशी तू मला बोलू दिलं न्हाईस. आज सगळ्यांसमोर ऐक. ती सहा कार्डं म्या मिरवण्यापायी झिजवली. सातवं म्या पुजून मारलं. तू कशालाच हात लावला न्हवता. दोन वरीस म्या तुज्यावर खोटा आळ घेतला. आन् तू हात लावलास तवा गावाची कोंबडी जगली."

बकुळाने भाजलेल्या हातांनी तोंड झाकलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मनसोक्त रडली.

तात्पर्य: दिखाव्यासाठी वापरलेलं झिजून जातं आणि नुसतं पुजून ठेवलेलंही मरून जातं, म्हणून साधन बेताने वापरावं, वेळेवर तपासावं, आणि ते मोडलं तर दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपला हात पाहावा.