हैबतरावांची वाट

"पण हैबतराव गेले कुठल्या वाटेनं, एवढंच विचारतोय मी."

प्राध्यापक वैजापूरकरांना घाट चढून दम लागला होता, तरी प्रश्न सुटत नव्हता. इंग्रजांविरुद्धच्या बंडातल्या या सेनापतीचं चरित्र त्यांनी लिहीत आणलं होतं. शेवटचं प्रकरण तेवढं अडलं होतं. पराभवानंतर हैबतराव या खिंडीतल्या मठात एक रात्र राहिले आणि नाहीसे झाले.

मठातले उमेदगीर बाबा शेंगा सोलत बसले होते. त्यांनी डोंगराकडे हात केला.

"खाली गावात धनगर म्हणाला, नदीकडे. पाटलीणबाई म्हणाल्या, रानाकडे. तुम्ही सगळे मिळून माझी थट्टा करताय का?"

"नाही मास्तर. सेनापती जाताना म्हणाले, मी परत येईपर्यंत सांगू नका. तेव्हा गावानं घरागणिक एकेक दिशा वाटून घेतली. मठाच्या वाट्याला डोंगर आला."

"म्हणजे एका तरी घराची खरी असेल."

"असेल की."

"अहो, इंग्रज जाऊन किती वर्षं झाली. आता कुणापासून लपवता?"

"राखायला दिलेली वस्तू चोर गेला म्हणून विकतात का?"

विद्वान माणसाला नकार ऐकायची सवय नसते. प्राध्यापकांचा पारा चढला.

"मग मी सरळ लिहितो, हैबतराव फौज सोडून पळाले."

"लिहा. इंग्रजांनीही तशीच दवंडी पिटली होती. कुणीतरी चिडून खरं बोलेल म्हणून."

"बोललं कुणी?"

"घरं जाळली. तरी नाही."

...

प्राध्यापकांना आपल्या बोलण्याची लाज वाटली. हैबतरावांच्या सगळ्या लढाया त्यांना तारखांसकट पाठ होत्या. माणूस मात्र हाती लागला नव्हता. ते खाली बसले आणि सुपातली एक शेंग उचलून सोलू लागले.

"बाबा, असं काय होतं हो त्यांच्यात?"

बाबा शेंगा सोलत राहिले. सूप रिकामं झालं तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"मास्तर, उद्या दुसरा कुणी असाच तुमच्या दारी आला, हैबतराव कुठल्या वाटेनं गेले म्हणाला, तर?"

प्राध्यापकांनी हातातलं टरफल खाली ठेवलं.

मग ज्या वाटेनं ते स्वतः चढून आले होते, तिकडे त्यांनी हात केला.

बाबा हसले.

"आता लिहा शेवटचं प्रकरण."