मिठाला कोण?

उंबरटेकच्या टेकडीवर उंबराईचं देऊळ आहे आणि देवळाच्या अंगाला एक भली थोरली तांब्याची कढई पालथी घातलेली आहे. नवा पाहुणा तिला देवळाची घंटा समजून वाजवून बघतो. वाजवू द्यावं. पण त्याला गावात दोन दिवस राहायचं असेल, तर या कढईतून निघालेलं एक बोलणं त्याला कळलं पाहिजे, नाहीतर गावच कळायचं नाही.

ग्रामपंचायतीत नळाचा ठराव होतो, टाळ्या पडतात, आणि मागून कुणीतरी विचारतं, "ते झालं, पण मिठाला कोण?" लग्नाची बोलणी उरकली की वधूपक्षाची एखादी आत्या विचारते, "सगळं ठरलं खरं, मिठाला कोण?" म्हणजे काम सगळ्यांचं आहे हे समजलं, ते करणार कोण, त्या माणसाचं नाव सांगा.

हे कुठून आलं, ते जुनी माणसं असं सांगतात.

फार पूर्वी उंबरटेक आणि ओढ्यापलीकडची हिवरवाडी यांच्यात वैर पडलं होतं. वैर पाण्याचं होतं म्हणे. म्हणायला पाण्याचं, खरं तर मिशीचं. बांध कुणाचा, यावरून पुरुष हमरीतुमरीवर आले आणि ओढा ओलांडायचा नाही अशी आण दोन्हीकडच्यांनी घेतली. पुरुषांचं काय गेलं? कुणाच्या घरची चूल विझली नाही. गेलं ते ठकूबाईचं.

ठकूबाईकडे उंबराईच्या भंडाऱ्याच्या पळीचा मान. देवीचा स्वयंपाक तिच्या हातचा, तिच्या सासूच्या हातून तिच्याकडे आलेला. तिची एकुलती एक लेक येसू दिली होती हिवरवाडीच्या हैबती पाटलांच्या घरी. लग्नानंतर पहिली पंचमी झाली आणि आण पडली. लेकीचं पहिलं बाळंतपणही माहेरी झालं नाही. नात झाली, चालायला लागली, बोलायला लागली. ठकूबाईनं ते सगळं कासाराच्या तोंडून ऐकलं. तो तेवढा दोन्ही गावांत बांगड्या भरायला जायचा.

शेवटी दोन्ही गावं थकली. ठरलं असं, की भंडाऱ्याला हिवरवाडीनं यायचं आणि उंबरटेकचं मीठ खायचं. एकदा मीठ पोटात गेलं की वैर धरता येत नाही, ही त्या काळची रीत. ना कागद, ना अंगठा. मीठ.

त्या दिवशी ही कढई पहिल्यांदा चुलाणावर चढली. एरवी ठकूबाई आणि तिची जाऊ दोघी पुरत. त्या दिवशी घरटी एक बाई आली. सगळ्यांनाच पुण्य हवं होतं. कुणी डाळ घोटली, कुणी मसाला वाटला, कुणी नुसतीच सूचना देत उभी राहिली. आमटीला असा वास सुटला म्हणे, की ओढ्यापलीकडचे बैल हंबरले. बैलांचं राहू द्या. माणसं मात्र ठरल्या वेळेच्या आधीच आली.

देवीच्या आधी अन्न जिभेला लावायचं नाही, हा नेम. आणि तो प्रसाद असल्यामुळे पानात वेगळं मीठही वाढायचं नाही. नैवेद्य झाला, हिवरवाडीचे पुरुष पंगतीला बसले. त्यांच्या बायका मागे उंबराखाली थांबल्या. त्यांत येसू होती, कडेवर नात होती. ठकूबाईनं पाहिलं, पण पंगत उठेपर्यंत पळी खाली ठेवता येत नव्हती.

हैबती पाटलांनी भाकरी कुस्करली, पहिला घास घेतला आणि हात थांबवला. शेजारच्यानं त्यांच्याकडे पाहिलं. पंगतभर हात थांबले.

आमटी अळणी होती.

"असं होय?" पाटील उठले. "आमच्या पोटात तुमचं मीठ जाऊ द्यायचं नाही, म्हणून हे! जेवायला बोलावून अपमान करता?" त्यांच्यामागे सगळी पंगत उठली. कुणी पायताणं शोधू लागले, कुणी काठ्या.

उंबरटेकचे पुरुष चुलाणाकडे धावले. "मिठाला कोण होतं?"

"मला वाटलं काकूनं घातलं."

"मी कशाला? मी मसाल्याला होते."

"घरटी बाई आली आणि मीठ घालायला एक नाही? धन्य आहे तुमची!"

मिठाचं मडकं चुलाणाशेजारी तोंडोतोंड भरलेलं होतं. त्याला कुणाचा हातच लागला नव्हता.

ठकूबाई पुढे आली. "कुणाला काही विचारू नका. पळी माझी, मिठाला मी. मीठ घालायची वेळ झाली तेव्हा माझे डोळे ओढ्याकडे होते. लेक येते का ते बघत होते. बस्स."

"विहीणबाई, गोष्ट चांगली रचलीत," पाटील म्हणाले. "चला रे!"

पुरुष निघाले म्हणजे बायकाही निघणार, आणि आता ओढा कायमचा बंद होणार, हे ठकूबाईला कळलं.

तेवढ्यात येसूनं मुलीला खाली ठेवलं, पदर खोचला आणि चुलाणापाशी जाऊन मडकं उचललं. पंगतीत शिरून, नेम बाजूला ठेवून, तिनं सासऱ्याच्या पानावर चिमूटभर मीठ वाढलं.

"मामंजी, मीठ माझ्या आईचं आहे आणि वाढणारी तुमच्या घरची आहे. हे कुणाचं म्हणायचं ते तुम्ही ठरवा. पण बसून ठरवा. आमटी निवतेय."

आता पानावरून उठणं म्हणजे स्वतःच्या सुनेचा हात नाकारणं. चारचौघांत ते कसं करणार? पाटलांनी पायताण काढलं. बसले. मीठ कालवलं, घास घेतला, दुसरा घेतला आणि म्हणाले, "तिखट बेताचं आहे." हिवरवाडीत याला कौतुक म्हणतात.

पुन्हा बसलेली पंगत जेवून उठली तेव्हा कुठं मायलेकी भेटल्या. त्या काय बोलल्या ते कुणी सांगत नाही, आणि सांगूही नये.

पुढे काही भाविक म्हणू लागले, की देवीनंच चमत्कार करून आमटी अळणी केली. ठकूबाई ते ऐकून घेत नसे. "देवीला दुसरी कामं आहेत. विसरलो आम्ही." पोरंटोरं तिला चिडवायला ओरडायची, "आत्या, मिठाला कोण?" ती वळून म्हणायची, "मी! तू कशाला होतास ते सांग." तिथून हे बोलणं गावाच्या तोंडी बसलं.

आजही भंडाऱ्याची आमटी अळणीच शिजते. मीठ वाढतात त्या माहेरी आलेल्या लेकी, आपापल्या माहेरच्या माणसांच्या पानावर. ज्या घरानं लेकीला आणलं नाही, त्या घरच्या पुरुषांपुढून मडकं तसंच पुढे जातं. शेजारचा आपल्या पानातलं देत नाही, तेही मागत नाहीत. सगळ्या गावादेखत अळणी जेवतात, मुकाट्यानं, शेवटच्या घासापर्यंत. पुढच्या साली त्या घरचा माणूस आठ दिवस आधीच लेकीला आणायला मुराळी होऊन निघालेला असतो.