थांबणारी करडी

फार फार पूर्वी उत्तरेकडे एक राज्य होते. लहानथोरहो, तिथे वर्षातले बहुतेक दिवस बर्फ असे. बैल तिथे जगत नसत, घोडे टिकत नसत. माणसे चाकांविना घसरणाऱ्या गाड्यांना कुत्री जुंपत आणि गोठलेल्या नदीवरून गावोगाव जात.

त्या लोकांचा एक नियम होता. सर्वांत पुढची कुत्री थांबली, की गाडीवानाने खाली उतरावे, काठीने बर्फ ठोकून पाहावा आणि देवाचे नाव घेऊन दुसरी वाट धरावी. पंजाला जे कळते ते डोळ्याला दिसत नाही, आणि ती समज परमेश्वराने त्या मुक्या जिवाला सर्वांच्या रक्षणासाठी दिली आहे, अशी त्यांची श्रद्धा होती.

राजालाही हा नियम ठाऊक होता. तरी तो दरवर्षी नदीच्या उगमाजवळच्या देवळापासून राजवाड्यापर्यंत शर्यत लावी आणि एकच प्रश्न विचारी, "पहिला कोण?"

या एका प्रश्नासाठी एका श्वानपालकाने आपला धर्म सोडला.

वेगवान नर आणि वेगवान मादी निवडून तो पैदास करी. तेवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. पिल्ले जुंपण्याजोगी झाली, की तो खड्डा खणी, त्यावर काटक्या व भुसभुशीत बर्फ पसरी आणि ओरडे, "चल!" जे बेधडक धावून खड्ड्यात पडे, त्याला वर काढून तो मांस देई. जे काठावर थांबे, त्याच्या गळ्याला फास लागे. अनेक वर्षे हे चालले. गावाने ते पाहिले, आणि तरी त्याच्या गाडीची वाहवा केली. त्या वाहवेलाही पाप लागतेच.

एकदा त्याची धाकटी बहीण माहेरी आली असता एक करडी कुत्री खड्ड्यापाशी थांबली. भावाने दोर उचलला.

"दादा, हिचं काय चुकलं?"

"मी चल म्हटलं. ही थांबली."

"पुढे खड्डा आहे ना!"

"तो मीच खणलाय. हिने मला शिकवायचं नाही."

"मग पाठवणीला मला दुसरं काही देऊ नकोस. ही दे."

"ने," भाऊ हसला. "तुझ्या सासरी तशीही कुणाला घाई नसते."

पुढे एका वर्षी, शर्यतीच्या मागून देवळाचा प्रसाद राजवाड्यात पोहोचवण्याची पाळी बहिणीच्या घराची आली. तिने करडीला सर्वांत पुढे जुंपले. ते पाहून एक गाडीवान ओरडला, "ताई, गाडीला कुत्री जुंपलीस की सासूबाई? पावलोपावली नको म्हणते!"

"सासूबाई नको म्हणतात म्हणून माझं घर उभं आहे," ती म्हणाली. सगळे हसले. श्वानपालक हसला नाही. त्याचे लक्ष वाटेवर होते.

नदीच्या मोठ्या वळणावर इतर गाड्या काठाने गेल्या. श्वानपालकाने आपली गाडी सरळ मधोमध घातली. बर्फ काळसर दिसत होता. त्याखाली पाण्याचा आवाज येत होता. "चल!" तो ओरडला, आणि त्याची कुत्री धावली. त्यांतले एकही कचरले नाही. कचरणारे त्याने जगू दिलेच नव्हते.

बर्फ फुटला. गाडीच्या भाराने पट्ट्यांत बांधलेली सारी कुत्री खाली ओढली गेली. श्वानपालक बर्फाच्या कडेला लोंबकळत राहिला. त्याच्या मुठीत जुंपणीचा तुटलेला दोर होता.

मागून बहिणीची गाडी आली. दूरवरच करडी थांबली.

"जवळ आण!" भाऊ किंचाळला. "मार तिला! पुढे आण!"

बहिणीचाही धीर सुटला. "करडे, चल!" ती ओरडली. करडी हलली नाही. तेव्हा बहीण भानावर आली. गाडीला दोर बांधून ती बर्फावर पालथी सरपटत गेली आणि दोराचे टोक तिने भावाकडे फेकले. मग करडीने गाडी मागे वळवली आणि घट्ट बर्फावर पाय रोवून सर्व कुत्र्यांनी त्याला वर ओढले.

राजवाड्यापाशी राजा उभा होता. त्याने विचारले, "पहिला कोण?"

बहिणीने प्रसाद दिला. मग भावाच्या मुठीतला तो तुटका दोर राजाच्या पायांशी टाकला. "महाराज, पहिली दादाची कुत्री पोहोचली. कुठे, ते नदीला विचारा."

राजाने मान खाली घातली. त्या मानेचा त्या बुडालेल्या जिवांना काय उपयोग?

श्वानपालकाच्या दारी आता एकही कुत्रे उरले नव्हते. तो दारोदार पिल्लू मागत फिरला. त्या देशात मागणाऱ्याला पिल्लू नाकारीत नसत. त्याला प्रत्येक दाराने नाकारले. शेवटी तो बहिणीकडे आला. करडी व्याली होती.

"दादा, मी नाही म्हणत नाही," बहीण म्हणाली. "तिला विचार."

त्याने पिल्लांकडे हात नेला. करडी उठली आणि मध्ये येऊन उभी राहिली. ती गुरगुरली नाही, चावली नाही. ती फक्त तिथून हलली नाही. त्याने आपल्या हाताकडे पाहिले. त्या हाताने किती फास ओढले होते, हे त्याला आठवले. हात मागे घेऊन तो रिकामा परत गेला, आणि आयुष्यभर रिकामाच राहिला.

तात्पर्य : आपल्याला थांबवणाऱ्याचा जो घात करतो, त्याला बुडण्याआधी थांबवणारे कोणी उरत नाही.